वाघजाईपुढची शिवलेली थैली

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज देवाआधी माणसाची गोष्ट आहे.

काल पारावर आपले चार शहाणे बसले होते. हातात चहा, आणि तोंडात जगातली सगळी युद्धं! अमक्या पुढाऱ्यानं त्या हुकूमशहाशी तह केलाच कसा? तमक्यानं त्याला वेळीच ठेचला का नाही? सगळं यांना ठाऊक — फक्त त्या दिवशी हे तिथे नव्हते, एवढंच! हसू नका, त्या चारांत एक मीही होतो. तर प्रश्न असा — शेवट ठाऊक असलेल्यानं, शेवट ठाऊक नसलेल्याचा न्याय करायचा कसा?

ऐका. सावरगड नावाचा गड होता. नकाशात शोधू नका, तो या आख्यानातच आहे. त्या गडाचा नवा किल्लेदार रायाजी — वय पंचवीस, मनगटात जोर, डोक्यात राग. राग कुणावर? म्हाताऱ्या म्हाळोजीवर, म्हणजे जुन्या किल्लेदारावर.

वीस वर्षांपूर्वी नदीपल्याडचा चंडसेन सात हजार माणसं घेऊन गडाखाली आला. मुलुखच्या मुलूख गिळणारा माणूस! त्यानं सांगितलं, तळखिंडीची चौकी मला द्या, मी परत जातो. म्हाळोजीनं चौकी दिली. चंडसेन गेला. आणि पुढच्या वर्षी, मंडळी, त्याच खिंडीतून परत आला! तोवर तट डागडुजी होऊन पक्का झाला होता, टाकं भरलं होतं, म्हणून गड तगला. पण खिंड परत घेताना चाळीस माणसं पडली. त्यांत चौकीचा नाईक पडला — रायाजीचा बाप.

आता राग समजला ना?

दसरा आला. गडाची चाल अशी, की आपट्याचं पहिलं पान नव्या किल्लेदारानं जुन्याच्या हातात द्यायचं. रायाजीनं भर सदरेवर सांगून टाकलं, पान मिळणार नाही. चंडसेन शब्द मोडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. (मागच्या रांगेत आत्ताही डोलताहेत — पण ती झोप आहे. उठवा त्यांना!)

म्हाळोजी काठी टेकत उठला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "पान नको देऊस. पण थैली उघड."

सदरेवरचे सगळे चपापले. कारण ऐका. शत्रू आला, की मसलतीत येणारी प्रत्येक चिठ्ठी, येईल तशी, एका थैलीत पडायची. निर्णय झाला की थैली शिवून गडदेवी वाघजाईच्या पायाशी. पुन्हा उघडायची नाही, म्हणजे मागून वाद नको! केवढी शहाणी माणसं! वाद तर मिटलाच नाही, उलट त्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं तेवढं मात्र सगळे विसरून बसले.

रायाजीला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याची अब्रू देवीसमोरच जाईल. सगळे देवळात गेले. भिवा गुरवानं हात जोडले आणि शिवण उसवली. म्हाळोजीनं अट घातली — एकेक चिठ्ठी वाचायची, आणि पुढची हातात घेण्याआधी सांगायचं, तू काय केलं असतंस.

पहिली चिठ्ठी. शत्रू सात हजार, गडावर लढणारे तीनशे. "लढलो असतो," रायाजी म्हणाला.

दुसरी. आसऱ्याला आलेली बायकापोरं नऊशे, टाक्यात पाणी नऊ दिवसांचं. वैशाख होता, मंडळी. रायाजी थांबला. पण म्हणाला, लढलो असतो.

तिसरी. शेजारचं राज्य मदत पाठवतं, पण महिन्यानं. आता त्याचा आवाज खाली आला. चौथी. चंडसेनानं आजवर दोन तह केले, दोन्ही पाळले. रायाजीनं चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

पाचवी चिठ्ठी हातात घेतली आणि त्याचे डोळे भरले. अक्षर बापाचं होतं. 'चौकी देऊ नका. हा माणूस परत येईल. मी चार दिवस खिंड धरतो.'

"बाबांना कळलं होतं," रायाजी म्हणाला.

"कळलं होतं," म्हाळोजी म्हणाला. "तो बरोबर होता, मी चुकलो. पण तोच बरोबर ठरेल, हे कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं, पोरा. चार दिवस तो धरणार होता, मदत महिन्यानं होती. आता सांग."

रायाजी देवीपुढे खाली बसला. नऊशे माणसं डोळ्यांपुढे आणली, नऊ दिवसांचं पाणी आणलं, बाप आणला. मग म्हणाला, "मला सांगता येत नाही, आबा."

आबा! वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, की भिवा गुरवानं दुसरीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

रायाजीनं पान दिलं. म्हाळोजीनं कपाळाला लावलं, आणि काठी टेकत थेट तळखिंडीत उतरला. रायाजी त्याचा हात धरून. तिथे नाईकाचा वीरगळ आहे. त्या दगडापाशी म्हाताऱ्यानं पान ठेवलं. "तुझं ऐकायला हवं होतं," म्हणाला. मग दोघं दगडाला टेकून बसले, आणि रायाजीनं बाप कसा होता ते पोटभर विचारून घेतलं.

त्या दिवसापासून सावरगडावर थैली शिवत नाहीत. नुसती बांधतात, सुटणाऱ्या गाठीनं.

आता तुमच्याकडे वळतो. न्याय करू नका, असं मी म्हणत नाही. म्हाळोजी चुकला, हे त्यानंच सांगितलं. पण आधी शिवण उसवा, चिठ्ठ्या क्रमानं वाचा, आणि शेवटची वाचेपर्यंत तोंड आवरा. कारण मंडळी, आज घरी जाल तेव्हा तुमच्याही थैलीत एखादी चिठ्ठी पडलेली असेल. तिचा शेवट तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या नातवाला ठाऊक असेल.

घ्या आता टाळ हातात. त्या नातवासाठीच देवाला हाक मारू!