पाहुण्यांच्या विश्रांतीपायी थांबलेला रहाट

...आणि वर मलाच विचारतो, “हरेश्वरराव, हा आवाज बंद कुठून करतात?” आता बोला! रहाट म्हणजे काय गिरगावातला नळ आहे, की कान पिळला आणि थांबला? अहो, विहिरीवरचा रहाट तो! बैल फिरणार, चाक फिरणार, गाडगी भरून वर येणार, पाणी पन्हळीत पडणार, आणि हे सगळं होताना तो कुंईऽऽ करणार, कर्रर्र करणार, माझ्या आज्याच्या वेळेपासून करतोय! नागावात पहाटे कुठल्याही वाडीत उभे राहा, चारी बाजूंनी हाच सूर. पण नाही! पाहुणे विश्रांतीला आलेत ना!

बसा, बसा अंगणातच, उठू नका. आज सगळं ओकल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही.

तर हे पाहुणे म्हणजे दत्तात्रेयराव. मुंबईचे लेखक. माझा चुलतभाऊ रघू मुंबईला असतो, त्याचं घर आमच्या कुंपणाला लागून, बारा महिने बंद, चावी माझ्याकडे. वैशाख लागता लागता रघूचं कार्ड आलं: ‘माझे स्नेही महिनाभर विश्रांतीस व कादंबरी लिहिण्यास येत आहेत, जरा लक्ष ठेवावे.’ आता लक्ष ठेवावे असं लेखी आल्यावर मी लक्ष ठेवणार की नाही? आमची काशी म्हणते, “तुम्हाला कुणी लिहिलं नसतं तरी ठेवलंच असतंत.” असो. बायकोचं मनावर घ्यायचं नसतं.

आले. रेवसला आगबोटीतून उतरून, मोटारीनं अलिबाग, तिथून छकड्यानं आमच्या दारात. एक ट्रंक, एक वळकटी, शाईच्या दोन बाटल्या आणि कागद... कागद तर असे रीमच्या रीम, की मला वाटलं तलाठ्याचं दप्तरच आलं! मी आपला शहाळं फोडून पुढे केलं. दोन घोट प्यायले, डोळे मिटले आणि म्हणाले, “हरेश्वरराव, काय ही शांतता! इथं माझं पुस्तक होणार. आणि सांगून ठेवतो, त्यात तुम्ही येणार!”

इथेच मेलो हो मी! अहो, मराठी सहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, छापील अक्षर दिसलं की पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. माझं नाव छापून येणार! मी लगेच काशीला सांगितलं, काशीनं विहिरीवर सांगितलं, संध्याकाळपर्यंत मारुतीच्या देवळात मला लोक उठून जागा द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दारावर खळीनं कागद चिकटवलेला. मी काही मुद्दाम वाचायला गेलो नव्हतो, कढीचा तांब्या द्यायला गेलो होतो. पाच ते सहा, समुद्रावर फेरी. सहा ते दहा, लेखन. दहा ते अकरा, भोजन. अकरा ते चार, वामकुक्षी. चार ते सहा, चिंतन. त्यापुढे सूर्यास्त पाहणे. आता वामकुक्षी म्हणजे, तुम्हाला सांगतो, जेवल्यावर घटकाभर डाव्या कुशीवर पडायचं, एवढंच मला माहीत. ही पाच तासांची! डावी कूस, उजवी कूस, मधे पाठ, सगळ्यांना न्याय! आणि चिंतन कसं करतात? झोपाळ्यावर आडवं होऊन, डोळे मिटून. वामकुक्षीत आणि चिंतनात फरक एवढाच, की चिंतनात माणूस जरा कमी घोरतो. पण पाहुणे विश्रांतीला आलेत ना, आपण कोण बोलणार?

पण रहाटाची वेळ कुठली? पहाट ते नऊ! पाचची फेरी आणि सूर्यास्त म्हणाल, तर ते लहर लागली तरच जायचे, त्या भरवशावर बैल कसा जुंपणार? वैशाखात नवाच्या पुढे बैल उन्हात जुंपला तर तो फेफरं येऊन पडेल. आणि गेल्या आषाढात वादळानं माझी सुपारीची जुनी झाडं कडाकडा मोडली, त्या जागी मी चाळीस रोपं लावलेली. आणली तेव्हाच दोन वर्षांची, तरी अजून कोवळी. रोज आळी भरली तर जगणार, नाही तर माना टाकणार. सुपारी लागायला सहा-सात वर्षं जातात हो! आज रोप गेलं म्हणजे सात वर्षं गेली. माझं वय बघा आणि हिशेब तुम्हीच करा.

हे मी पाहुण्यांना सांगितलं. सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “खरं आहे. पण त्या आवाजानं माझी नायिका पळून जाते.” आता माझी रोपं मोठी की त्यांची नायिका? तुम्ही म्हणाल, रोपं. मीही म्हणालो असतो. पण पुस्तकात येणार होतो ना!

मी रहाटाला तेल घातलं.

हसू नका! मला माहीत होतं. आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं, की रहाटाला ओरडा बंद होईल इतकं तेल कधी घालायचं नाही. का, सांगू? बैल बिचारा डोळ्यांना झापड बांधून एकटाच फिरत असतो, त्याच्या मागे माणूस कोण उभा करणार? आपण ओटीवर सुपारी सोलत बसायचं. कुंई चालू म्हणजे बैल चालू. कुंई थांबली की बसल्या जागेवरून “होऽऽ पोवळ्या!” म्हणून ओरडायचं, की पुन्हा चालू. हा मामला! आणि मी, नागावचा जन्म, पन्नाशीला आलेला, मी शेरभर खोबरेल त्या आसावर ओतलं! सकाळी रहाट गप्प. काय शांतता! मी ओटीवर बसलो, म्हटलं, चाललंय झकास. नऊ वाजता वाडीत जातो तर पाट कोरडा आणि पोवळ्या उभ्या उभ्या रवंथ करतोय! अहो, त्याला पण तीच सवय. तीन फेरे मारले, आवाज येईना, त्याला वाटलं काम संपलं! बैल आहे तो, त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर फिरायला लागलो. मोठ्यानं बोलायची सोय नाही. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “चल रे माझ्या राजा.” त्यानं माशी बसल्यासारखा कान झटकला. मग काय करावं? मला सुचलं, आणि सुचलं ते केलं. तोंडानं केलं! बारीक आवाजात, “कुंईऽऽ... कर्रर्र... कुंईऽऽ...” आणि तुम्हाला सांगतो, बैल चालायला लागला हो! पुढे पोवळ्या, मागे मी, कुंईऽऽ कर्रर्र. एवढ्यात काशी गोठ्यातून आली, कमरेवर हात ठेवून उभी.

“अहो, हे काय चाललंय?”

“रहाट झालोय!” मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

“पाहुणे विश्रांती घेतायत ते दिसतंय. तुम्ही काय घेतलंय?”

आणि तेवढ्यात पलीकडची खिडकी उघडली. “हरेश्वरराव, मोठा आवाज गेला, फार बरं वाटलं... पण हा नवीन बारीक आवाज कसला?”

घ्या! म्हणजे मी ओरडलो तर चालत नाही, रहाट ओरडला तर चालत नाही, आणि रहाटाच्या बदली मी हळू ओरडलो तरी चालत नाही! मग त्यांनीच तोड काढली. “दहा ते अकरा मी जेवत असतो, तेव्हा चालवा की!” काय उपकार! दहा ते अकरा! डोक्यावर ऊन, पोवळ्याची जीभ गुडघ्यापर्यंत लोंबलेली, दहा फेऱ्यांत त्यानं बसकण मारली ती अंगावर पाणी ओतलं तरी उठेना. मग मी आणि काशी घागरींनी पाणी घालायला लागलो. घागर दगडाला लागून वाजते, म्हणून तिला माझं जुनं धोतर गुंडाळलं. वाळूची जमीन आमची, घागर ओतली की पाणी कुठे गेलं ते शोधावं लागतं. चार दिवसांत काशीची कंबर धरली. नववारी खोचून वाकलेली ती बाई, आणि आवाज करायचा नाही म्हणून नुसती माझ्याकडे बघायची. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं हो!

आणि आवाज काय एक आहे? ठमी कोळीण रेवदंड्याहून मासळीची पाटी घेऊन येते. तिची हाक अशी, की शेजारच्या आक्षीतली मांजरं नागावात येतात! मी तिला वेशीवर गाठलं. म्हटलं, “ठमे, महिनाभर ओरडू नको, लेखक आलेत.”

“आन् मावरं इकू कशी? हातानं खुना करू?”

“कर ना. माझं नाव छापून यायचंय गं!”

“तुजा नाव छापून येल भाऊ, माजा मावरा नासल त्याचा काय? लोकांना कलाया नको, ठमी आली हाय?” पण मनाची चांगली. शेवटी हाक न मारता यायला लागली. झालं काय, कुणाला कळायचंच नाही, आणि आठ दिवस सगळी आळी वालाची उसळ खाऊन मला शिव्या घालतेय. अंबाजी नारळ पाडायला चढला, तर त्याला खालून हातवारे: टाकू नको, टाकू नको! तो वरून विचारतो, “भाऊ, नारल हाय ह्यो! पडनार न्हाय तर काय पायउतार व्हनार?” शेवटी दोर लावून एकेक नारळ खाली सोडला, नवरी मेण्यातून उतरवावी तसा! सकाळचं एक झाड दुपारपर्यंत उतरत होता. सगळा गाव बोटांवर चालतोय, का? पाहुणे विश्रांतीला आलेत ना!

पंचविसाव्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो. ते समुद्रावर होते. मी चोरून नाही गेलो, केर काढायला गेलो. केर आमच्याकडे काशी काढते हे खरं आहे, पण तिची कंबर धरली होती. तर टेबलावर रीमचा ढीग, आणि सगळ्यात वरच्या कागदावर लिहिलेलं: ‘प्रकरण पहिले’. खाली दोन रेघा मारलेल्या. फार सुबक रेघा. खाली एक माड काढलेला, त्याला नारळ पाच. पुढचे कागद उलटले... कोरे. परत उलटले, मागून बघितले, उजेडात धरले. कोरे! मी वाडीत गेलो. चाळीसमधली एकोणतीस रोपं वाळून खडखडीत झालेली, हात लावला की पान मोडतंय. अकरा उभी. तिथंच बांधावर बसलो. तुम्हाला खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पहिला विचार काय आला माहीत आहे? की हे पाणी तरी आळ्यात पडावं.

तरी पाहुणचार सोडला नाही! जायच्या दिवशी काशीनं त्यांना पोह्याचे पापड बांधून दिले, मी दोन शहाळी छकड्यात ठेवली. लेखक आले होते काठीसारखे, जाताना छकड्याचा बैल एवढं वजन कुणाचं म्हणून मागे वळून बघत होता. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “हरेश्वरराव, तुम्हाला विसरणार नाही.”

नाही विसरले. काल पोस्टमन मासिक घेऊन आला. वर ‘सप्रेम भेट’. कादंबरी नव्हे, लेख: ‘लेखकाने सुट्टी कशी घालवावी?’ मी ओटीवर उभा राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काशी आली, अंबाजी आला, ठमी पाटी उतरवून बसली.

‘नागाव हे लेखकासाठी आदर्श स्थळ होय. येथे निसर्गतःच नीरव शांतता नांदते. येथील कोळिणी मितभाषी आहेत...’

“मंजी कशी?” ठमी विचारते.

“म्हणजे तू बोलत नाहीस.”

“मी?” असं म्हणाली आणि पाच मिनिटं आम्हाला पुढे वाचता आलं नाही.

‘...आमचे शेजारी श्री. हरेश्वरराव हे प्रेमळ, परंतु अत्यंत आळशी गृहस्थ. पहाटेचा थंड समय असता बैल रहाटास जुंपण्याचीही तसदी ते घेत नसत. डोळ्यांदेखत सुपारीची रोपे पाण्यावाचून माना टाकीत, आणि हे ओटीवर स्वस्थ! क्वचित लहर आलीच, तर बैलामागून तोंडाने विचित्र आवाज काढीत हिंडत. अशा निरुद्योगी वातावरणात लेखकाच्या मनास जी विश्रांती मिळते...’

पुढचं अक्षर मला दिसेना. आळशी! मी! ज्याच्या विश्रांतीपायी माझी सात वर्षं वाळली, तो मला आळशी म्हणतो, आणि तेही छापून! काशी म्हणाली, “प्रेमळ लिहिलंय की!” अंबाजी म्हणाला, “भाऊ, माजा काय न्हाय का त्यात? मी येवढा दोर लावून उतरवला त्यो?” त्याला वाईट काय वाटलं? आपलं नाव नाही याचं!

मी मासिक फाडायला घेतलं. खरंच घेतलं. दोन्ही हातांत धरलं, आणि मधोमध ‘श्री. हरेश्वरराव’ दिसलं. श्री.! अहो, आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावाआधी छापील श्री. लागलेला नाही.

...कात्रीनं नीट कापून ओटीच्या भिंतीवर लावलंय. आत येताना दिसेलच. ‘आळशी’ शब्दावर तेवढा खिळा ठोकलाय.