पुंजारामचा साधा कोरोना

गारखेड्यातल्या दवाखान्यात रत्नमालाबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेलं पुंजाराम आणि साळू हे म्हातारं जोडपं त्यांच्या शेजारीच येऊन टेकलं, आणि बाईंचा वेळ कसा मजेत जाऊ लागला.

"साळू, ऐकलंस ना? कोरोना निघाला मला."

"निघाला, पण साधा. डॉक्टर काय म्हणले? माणसाला धरणारे सात कोरोना हायेत. त्यातले चार नुसते सर्दी-पडशाचे."

"अन् राहिलेले तीन?"

"सार्स, मर्स अन् आपला कोविड. ते लई बेकार. तुमचा त्यातला नाय."

"तरी कोरोना तो कोरोनाच! मागं कोविड झाला तवा रोज अंडी, काजू, नारळपाणी. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाय तू."

"तवा जीव टांगणीला लागला व्हता, अवो. आता नुसतं नाक गळतंय."

"म्हंजे उद्या तू पैठणला जाणार? भाचीच्या लग्नाला? मला असं टाकून?"

"जाणार. कवाधरनं माहेर बघितलं नाय. मास्क लावून बसंन लांब. मंगलाष्टकं तेवढ्यानं ऐकू यायची ऱ्हात नाहीत."

"अगं, पण कोरोनाचा माणूस! चौदा दिवस अलग खोलीत ठेवावं लागतं त्याला."

"मग बरंच की! तुम्ही ऱ्हावा अलग खोलीत, मी ऱ्हाते पैठणला."

"चौदा दिवस?"

"तुम्हीच म्हणले."

"अगं, साधी सर्दी हाय गं! तिच्यापायी कशाला अलग ऱ्हायचं?"

रत्नमालाबाईंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

"साधीच हाय व्हय? मग तर काळजीच मिटली. उठा, मला पिशवी भरायचीय."