कीबोर्डातली ढोलकी

दुपारच्या शिफ्टला चाकणला निघालेली कंपनीची बस. माझ्या पुढच्या सीटवर दोघे जण.

“गणराजभाऊ, नवा कीबोर्ड आला म्हनं?”

“आला ना, रोहिदास. वर्कस्टेशन म्हणतात त्याला. वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, सगळं त्यातच. कॉम्प्युटर लागत नाही.”

“पट्ट्या जड हायेत का?”

“जराशा. होईल सवय.”

“बासरी कशी हाय?”

“बासरी एकदम खरी. सनई मात्र सर्दी झाल्यासारखी.”

“आन् ढोलकी?”

“काल वाजवून मोबाइलवर घेतलीय. हा इअरफोन घाल, ऐक.”

“नगं. प्रेस मशीनवर माझी दोन बोटं गेली, ढोलकी सुटली, तवापासनं मशीनची ढोलकी ऐकवत न्हाई मला.”

“एकदा ऐक तर.”

बस मोशीच्या सिग्नलला थांबली.

“कशी वाटली?”

“थाप गोड हाय. पण गडी समेवर यायला घाई करतोय. मशीन असून चुकतंय व्हय?”

“मशीन नाही ते. आपल्या जुन्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमधली ढोलकी काढून मी कीबोर्डात भरलीय.”

“कुणाची?”

“समेवर घाई कोण करायचं आपल्यात?”

सिग्नल सुटला. बस निघाली.

“परत लाव. तशी लई काय घाई न्हाई करत गडी.”