यमुनाक्का कितव्या पानावर?

कुसुमावती : ...आणि तो सगळ्यांचं एकाच आवाजात वाचतो गं. सासू बोलली काय, चोर बोलला काय, सूर तोच. परवा गोष्टीतल्या बाईचा मुलगा गेला, तर ह्यानं दमसुद्धा घेतला नाही. लगेच पुढचं प्रकरण!

रुक्मिणी : कोण गं हा?

कुसुमावती : फोनमधला. डोळे गेल्यापासून मी आता पुस्तकं ऐकते. नेत्रा लावून देते.

नेत्रा : अज्जी, ती चूक माझी. मी त्याला दीडपट वेगानं लावलं होतं.

कुसुमावती : का म्हणून?

नेत्रा : लवकर संपावं म्हणून.

कुसुमावती : ऐकलंस रुक्मे? माझी नात. पुस्तक लवकर संपावं म्हणते!

नेत्रा : मी तर शेवटचं पान आधी वाचते. आत्ता वाचतेय त्यात खून डॉक्टरनं केलाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. आता निवांत वाचते. तुमचं काय चाललंय, रुक्मिणीअज्जी?

रुक्मिणी : माझं काय चालणार? एका पानाला एक चहा निवतो. बोट ठेवून वाचते, ओठ हलवून वाचते. सून म्हणते, अत्ती जप करताहेत.

नेत्रा : मी कोल्हापूरहून मागवून दिलेलं पुस्तक वाचलंत का?

रुक्मिणी : त्याच्याचसाठी आलेय आज. कमरीपेठेतनं दोन बस बदलून आले. आणि तुला सांगते, पुस्तक वाचायला शिकले, पण ह्या हुबळीत विद्यानगरची बस कुठली हे अजून लोकांनाच विचारावं लागतं. पाटी कन्नडात!

कुसुमावती : नेत्रा, त्या तुरीच्या शेंगा आण बघू बाहेर. बोलता बोलता सोलून होतील. आणि हिला चहा कर. आलं घालून.

रुक्मिणी : चहा नको. अक्का, पुस्तक वाचून झालं माझं.

कुसुमावती : छान की. कसं वाटलं?

रुक्मिणी : रडकं वाटलं. ती सरस्वती पहिल्या पानावर रडायला बसते ती शेवटच्या पानापर्यंत उठत नाही. शेवटी सासूच्या पायावर डोकं ठेवते आणि पुस्तक संपतं. एकशे अडुसष्ट पानं.

कुसुमावती : जुन्या काळचं पुस्तक. तेव्हा असंच लिहायचे.

रुक्मिणी : यमुनाक्का कुठे आहे?

कुसुमावती : शेंगा आणल्यास का गं नेत्रा?

नेत्रा : ह्या काय, तुझ्या पुढ्यातच आहेत. यमुनाक्का कोण?

रुक्मिणी : तुला सांगितलं नाही हिनं? तू ऐक. तुझी अज्जी आणि मी, आम्ही पांडुरंगअण्णांच्या शिलाईच्या दुकानात होतो. कमरीपेठेत, माडीवर. शाळेच्या शर्टांना काजं करायची, बटणं लावायची. मी, जयलक्ष्मी, पार्वती, आणि ही. मी तेव्हा बावीस वर्षांची. आमच्यात अक्षर येणारी ही एकटी. मग आम्ही ठरवलं, हिनं हेच पुस्तक वाचून दाखवायचं आणि हिच्या वाटची काजं आम्ही तिघींनी करायची.

नेत्रा : म्हणजे अज्जी बसून पगार घ्यायची?

कुसुमावती : वाचायचे मी. घसा सुकायचा.

रुक्मिणी : आणि नियम एकच. वाचताना मध्ये कुणी बोलायचं नाही. जयलक्ष्मी तर कन्नड घरातली, मराठी अर्धं समजायचं, तीपण तोंडाला पदर लावून ऐकायची. आणि त्या पुस्तकात यमुनाक्का होती. सरस्वती चुलीपुढे रडत बसलेली असते, जत्रेचा दिवस असतो, दारात गाडी थांबते आणि ही खाली उतरते. एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात पोपटाचा पिंजरा. नवऱ्याची लांबची आत्या. आल्या आल्या म्हणते, "रडून झालं असेल तर चहा टाक. झालं नसेल तर मी टाकते."

नेत्रा : हे तर मस्त आहे!

रुक्मिणी : मस्तच होती ती. आमच्या घरात काही झालं ना, सासू बोलली, पोर आजारी पडलं, तर मी मनात म्हणायची, यमुनाक्का काय म्हणाली असती? जयलक्ष्मी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात भेटायला गेले होते. नाकात नळी. मला म्हणाली, रुक्मिणी, चहा टाक. दोघी हसलो. तिच्या सुनेला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला.

कुसुमावती : हे मला सांगितलं नाहीस कधी.

रुक्मिणी : आज सांगतेय. अक्का, दोन महिन्यांपूर्वी पुस्तक हातात आलं तेव्हा मी त्याला हळद-कुंकू लावलं. तिसऱ्या प्रकरणात जत्रा आली. मला वाटलं, आता येईल. सरस्वती रडते. गाडी येतच नाही. मी पान उलटलं, मागे आले, परत वाचलं. तुला फोन केला. आठवतं, काय म्हणालीस? "नीट वाच," म्हणालीस. "असेल तिथेच कुठेतरी."

नेत्रा : अज्जी?

रुक्मिणी : मी नीट वाचलं. पहिल्या पानापासून. तुम्ही लहानपणी शिकलेली माणसं, तुमचा डोळा आपोआप पळतो. मी एकसष्टाव्या वर्षी शिकले. भजनी मंडळातल्या मेधाताईंनी शिकवलं. जोडाक्षर आलं की अजून मी थांबते. मला वाटलं, माझंच चुकतंय. एखादी ओळ बोटाखालनं सुटतेय. तीनदा वाचलं, अक्का. तीनदा. मग लाज सोडून पुस्तक मेधाताईंकडे नेलं आणि म्हटलं, मला वाचता येत नाही बहुतेक, तुम्ही बघा. त्यांनी चार दिवसांत वाचलं आणि म्हणाल्या, रुक्मिणीबाई, ह्यात यमुना नावाची बाईच नाही.

नेत्रा : पानं गळली असतील. जुनी प्रत आहे ना.

रुक्मिणी : सगळी आहेत. मोजली मी. आकडे मला आधीपासून येतात.

कुसुमावती : रुक्मे...

रुक्मिणी : मी काजं केली तुझ्या वाटची. रोज बारा. बोटं बघ ही. अजून सुई टोचल्याच्या खुणा आहेत. तू वाचतेस म्हणून केली. आणि तू काय करत होतीस?

कुसुमावती : तुला आठवतं, सुरुवातीला तुम्ही पेंगायच्या?

रुक्मिणी : विषय बदलू नको.

कुसुमावती : नाही बदलत. पुस्तक तू म्हणतेस तसंच होतं. रडकं. दुसऱ्या आठवड्यात पार्वती घोरायला लागली. पांडुरंगअण्णा जिन्यात उभे राहून ऐकत होते. मला म्हणाले, "कुसुमाबाई, हे कीर्तन बंद करा. सोमवारपासून तुम्हीही काजं करायला बसा." रुक्मे, माझा हात तुला ठाऊक आहे. तेव्हापासून थरथरतो. चार काजं केली तर तीन उसवायला लागायची. मी काजं करायला बसले असते तर आठवड्यात घरी गेले असते. आमचे हे जाऊन वर्ष झालं नव्हतं. नेत्राचा बाप चार वर्षांचा.

नेत्रा : मग?

कुसुमावती : मग सोमवारी मी पुस्तक उघडलं. जत्रेचं पान होतं. सरस्वती रडत होती. मी वर बघितलं तर पांडुरंगअण्णा जिन्यात. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "तेवढ्यात दारात गाडी थांबली."

रुक्मिणी : पुस्तकात नसताना?

कुसुमावती : पुस्तकात नसताना. कोण उतरणार हे मलाही माहीत नव्हतं.

नेत्रा : अज्जी, तू भारीच आहेस!

रुक्मिणी : तू गप गं. अक्का, पुस्तक एकशे अडुसष्ट पानांचं. आम्ही दिवाळीपासून गणपतीपर्यंत ऐकलं. तेव्हा मला पानांची काय अक्कल? मला वाटायचं, पुस्तक असंच असतं. विहिरीसारखं. कितीही काढा.

कुसुमावती : संक्रांतीलाच संपलं होतं ते. पुढचे आठ महिने मी पानं उलटत बसले. शेवटाला आले की परत पहिल्यापासून. तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही खाली काजाकडे बघत असायच्या.

रुक्मिणी : तेव्हाचं जाऊ दे. पोट होतं, लेकरू होतं, समजलं मला. पण दोन महिन्यांपूर्वी? फोनवर? तेव्हा कुठले पांडुरंगअण्णा जिन्यात उभे होते?

कुसुमावती : कुणी नव्हतं.

रुक्मिणी : मग का म्हणालीस, नीट वाच? मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायला निघाले होते. भजनाची वहीसुद्धा. म्हटलं, सात वर्षं आपण स्वतःला फसवलं. आपल्याला काही येत नाही.

कुसुमावती : लाज वाटली गं. शेहेचाळीस वर्षं तू मला वाचणारी म्हणून मान दिलास. सणाला पहिली वाटी माझ्याकडे पाठवलीस. म्हटलं, हिला कळलं की मी नुसत्या थापा मारत होते, तर... आता डोळेही नाहीत. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे? चुकलं माझं, रुक्मे. तुझं वाचन बरोबर होतं. एक अक्षर सुटलं नाही तुझ्याकडनं.

(रुक्मिणी शेंगांचा एक वाटा पुढे ओढून सोलू लागते.)

नेत्रा : चहा टाकू?

रुक्मिणी : टाक. रडून झालंय आमचं.

कुसुमावती : हसलीस का गं? मला दिसत नाही.

रुक्मिणी : नाही. एक सांग. यमुनाक्का अक्षरं शिकते ते. परातीत पीठ पसरून, बोटानं. पंचावन्नाव्या वर्षी. तेही तूच?

कुसुमावती : तेही मीच.

रुक्मिणी : मी तशीच शिकले. मेधाताईंनी पाटी दिली होती, पण मी रात्रीच्या भाकरीचं पीठ पसरून त्याच्यावर गिरवायची. चुकलं की हात फिरवला की मोडतं. कुणाला दिसत नाही. यमुनाक्का म्हणायची तसं.

कुसुमावती : तुझ्यासाठीच घातलं होतं ते. मी तुला पाटी आणून दिली होती, आठवतं? तू म्हणालीस, माझ्या घरात चालायचं नाही, अक्का, पुन्हा विषय काढू नको. मग मी यमुनाक्काला शिकवलं.

रुक्मिणी : पण पंचावन्न का? मी तर बावीसची होते.

कुसुमावती : म्हणूनच. म्हटलं, हिला आता कुणी शिकू देणार नाही. पण पुढे कधी घर मोकळं झालं, तर हिला वाटायला नको की वय निघून गेलं. म्हणून पंचावन्न.

रुक्मिणी : मी एकसष्टला शिकले.

कुसुमावती : सहा वर्षं उशीर केलास.

रुक्मिणी : आमचे हे जरा जास्त जगले.

नेत्रा : रुक्मिणीअज्जी!

रुक्मिणी : चांगले होते गं. पण जास्त जगले. अक्का, पोपटाचं पुढे काय झालं? म्हणजे, ती पोपटाला बाराखडी शिकवायची आणि तो "क"च्या पुढे जायचाच नाही, तिथवर मला आठवतं. मग तो उडून गेला की तिनं सोडला?

कुसुमावती : कुठला पोपट?

रुक्मिणी : यमुनाक्काचा!

कुसुमावती : पोपट होता?

रुक्मिणी : देवा! पिंजरा घेऊन उतरली की ती! आत्ता सांगितलं ना मी.

कुसुमावती : खरं सांगू? मला तो स्टोव्ह आठवतो. बाकी फार काही नाही. रोज सकाळी तुम्हीच आठवण करून द्यायच्या, काल इथवर आलो होतो म्हणून. मी तिथून पुढे ढकलायचे. संध्याकाळी घरी गेले की पोराचं खाणंपिणं, भाकऱ्या. कुठलं लक्षात राहतंय?

रुक्मिणी : मला सगळं आहे. मामलेदाराला ती दारातनं परत पाठवते ते. सरस्वतीला शिलाई शिकवते ते. हुबळीच्या स्टेशनवर चुकीच्या गाडीत बसते आणि उतरत नाही, म्हणते आता आलेच आहे तर गदग बघून येते.

कुसुमावती : हे मी सांगितलं होतं? गदग?

रुक्मिणी : तूच की.

कुसुमावती : बरं सांगायचे मी.

नेत्रा : घ्या चहा. अज्जी, तुझा कप उजवीकडे आहे. मग आता हे पुस्तक परत पाठवू का? तो कोल्हापूरचा पुस्तकवाला पंधरा दिवसांत परत घेतो म्हणाला होता, पण दोन महिने झाले.

रुक्मिणी : राहू दे. माझी पिशवी दे इकडे. चष्मा वरच्या कप्प्यात आहे.

कुसुमावती : काय करतेस?

रुक्मिणी : वाचते. तुझ्या त्या फोनवाल्यापेक्षा हळू वाचेन, पण सासूला सासूचा आवाज देईन. हं. तिसरं प्रकरण. "जत्रेचा दिवस होता. घरातली सर्व मंडळी देवळात गेली होती. सरस्वती चुलीपुढे बसून अश्रू ढाळीत होती..."

कुसुमावती : ढाळीत होती. अगदी असंच होतं.

रुक्मिणी : "...तेवढ्यात दारात गाडी थांबली. एक ठेंगणी बाई खाली उतरली. तिच्या एका हातात स्टोव्ह होता आणि दुसऱ्या हातात पोपटाचा पिंजरा होता..."

कुसुमावती : रुक्मे, हे कितव्या पानावर आहे गं?

रुक्मिणी : वाचताना मध्ये बोलायचं नाही, अक्का. तू शेंगा सोल. माझ्या वाटच्या पण.