चंद्रावतीचं उत्तर

डहाणूच्या दवाखान्यात सुषमा नंबराची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर तांडेलकाका बसले होते, जन्मभर प्रोग्रामर, आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ज्या मोबाइलवर ते कोडिंग शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत, तो आता बायकोच्या हातात.

"चंद्रा, कोणी काय विचारलंय?"

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"डोळ्यांना. कानांना नाही. वाच ना."

"एक मुलगी लिहिते, प्रोग्राम चालत नाही, रडू येतंय."

"लिही, रडू नको, माझेही बंद पडायचे. आता तिचा कोड वाच. सावकाश."

चंद्रावतीकाकू अडखळत वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"अहो, हा कंस उघडलाय, पण बंद कुठेच केला नाही."

"हेच तिला कळव. खाली तुझं नाव घाल."

"माझं?"

"तुलाच सापडलं ना?"

काकूंनी उत्तर पाठवलं. थोड्या वेळाने सुषमाचा नंबर पुकारला. ती उठलीच नाही.

"काकू, चालला का तिचा प्रोग्राम?"

"चालला गं! थँक्यू चंद्रावती मॅडम, असं लिहिलंय."