किकची गाडी, बटनाची गाडी

माझं माहेर मुदखेडाकडचं, दिलं इकडं लोह्याच्या अंगाला. बापानं पाठवणीला एक म्हैस दिली, आज गोठ्यात हायत त्या तिच्याच लेकी-नाती. अन् मालकाकडं गाडी होती. काय सांगू ताई तुम्हाला, त्या वक्ताला गावात गाडी म्हंजी आमच्या मालकाची, बाकी समदे सायकलवाले. फटफट करत वेशीत शिरली की म्हशी वरडायच्या. रोज दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅना, अन् बाजाराच्या दिवशी कॅना काढून मागं मी, एका अंगानं बसलेली, पदर दातात धरून. खड्डा आला की मालक म्हणायचे, धरून बस.

गाडी लई नखऱ्याची. थंडीत चोक वढायचा, जरा कलती करायची, मग किक. एकदा मालक आंघोळीला गेलते तवा म्या गुपचूप मारून बघितली, तर किक उलटी आली अन् नडगी ही एवढी सुजली. मालक हसले, म्हणले, ही बायामाणसाची गाडी न्हाई. मलाबी ते खरंच वाटलं बघा.

मग मागल्या साली काळ्या रानाच्या चिखलात तीच गाडी घसरली अन् मालकाचा गुडघा गेला. दवाखान्यात सळई घातली, पर पाय वाकंना. थोरला लातूरला कामाला हाय, तेनं नवी गाडी आणली, तीच कंपनी, तेच नाव, फकस्त नवी. म्हणला, बाबा, आता किक मारायची न्हाई, बटन दाबायचं. आता बटनानं पाय वाकतो व्हय? टांगच टाकता येईना. गाडी दारात, दूध घरात. मालक म्हणले, डेअरीला न्यायला माणूस न्हाई, म्हशी इकून टाकू. म्या म्हणलं, म्हशी माझ्या माहेरच्या, इकायच्या न्हाईत, दूध मी नेते. तर म्हणले, येडी झालीस का.

सूनबाई म्हणली, स्कुटी घ्या. अगं बाई, स्कुटीला कॅना कुठं अडकवू? अन् मी लुगडंवाली, काष्टा घातलेला, टांग टाकायला कशाची अडचण? अडचण तुमच्या गोल साडीला! थोरल्यानं खळ्यावर शिकवलं. बटन दाबलं की गुमान चालू. आवाज एवढा बारीक, की चालू हाय का बंद, ते हात लावून बघावं.

पयल्याच दिवशी डेअरीला निघाले तर समोरून येणारा जो तो हाताची मूठ उघडझाप करून दावायचा. मला वाटलं, बाई गाडी चालवून राहिली म्हणून मजाक करून राहिले. एकाला थांबवून असा झापला, असा झापला! तो म्हणला, मावशी, दिवसा लाईट चालू हाय तुमची, तेवढंच सांगून राहिलो. तर नवीची लाईट बंदच व्हत न्हाई म्हणं. जुनीला लाईटचं बटन होतं. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

मालकाचं मातर येगळंच. गोठ्यात जुनी पुसत बसायचे. म्हणायचे, हिचं मडगार्ड वाजवून बघ, लोखंड हाय, तुझी नुसती पलास्टिकची. अन् पाय बरा झाला की हिच्यावरच बसणार.

पाय दाखवायला लोह्याला मीच न्यायची. पाय वाकत न्हाई तर मागं बसणार कसे? एका अंगानं, मी बसायची तसंच. येताना वेशीच्या अलीकडं म्हणायचे, थांब, उतरतो. पारावरच्या लोकांची शरम. मग काठी टेकत, लंगडत घरापोत. मला लई वाईट वाटायचं.

परवा डॉक्टर म्हणले, मामा, पाय आता एवढाच वाकणार, ह्याच्या म्होरं न्हाई. येताना वेशीपाशी म्या सवयीनं गाडी थांबवली, तर उतरंनात. पारावरून एकानं हाळी दिलीच, काय तात्या, आता बायकोच्या मागं का?

मालक म्हणले, जल्मभर ती बसली माझ्या मागं, तवा कुणी इचारलं न्हाई.

अन् मला म्हणले, चाल की, थांबलीस कायला, धारांची येळ झाली. माझे डोळे भरून आले ताई, पर गाडीवर मागं वळून बघता येतं व्हय? म्या गेर टाकला अन् म्हणलं, म्होरं खड्डा हाय, धरून बसा.