बेस हाय, पण हाय काय?

लग्नाला दोन महिने झाले होते, हाती वाद्य नव्हतं आणि माझी बोटं जेवताना ताटाच्या कडेवरसुद्धा ठेका धरायची. नवऱ्यानं तळमळ बघून तुळजापूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी बेस गिटार स्वस्तात आणून दिली. दांडा अगदी सरळ होता, फक्त स्पीकरला जोडली की नुसती गुणगुणायची. म्हणून भूमच्या घरी ओसरीवर दांडा वेगळा काढला, तिचं पोट उघडलं आणि ती गुणगुण अडवायला आत चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवत बसले.

तेवढ्यात सासरे आले.

"हे काय, सूनबाई?"

"बेस, मामा."

"बेस हाय, पण हाय काय?"

"बेसच आहे, मामा."

इथं बेस म्हणजे झकास, हे ठाऊक असूनही घाबरल्यामुळं मला दुसरा शब्दच सुचेना. मामांना वाटलं, नवी सून उलटून बोलतेय.

"वायरी लोंबत्यात, कुणाला करंट बसंल. उद्याच्या एसटीनं हे परत धाडा!" म्हणत त्यांनी थेट माझ्या बाबांना फोन लावला, तोही स्पीकरवर.

"ईवाई, तुमच्या लेकीनं हे काय मांडलंय?"

बाबा खूश होऊन म्हणाले, "अहो, बेस वाजवते ती! कॉलेजात बक्षीस मिळालंय तिला!"

मामांनी फोन ठेवला.

"एवढं बेस वाजवतीस तर राहू दे घरात," ते म्हणाले. "पण पोरी, वाजवतीस काय, तेवढं सांग."